चार मातींचा धन आयन अहवाल: एका माती परीक्षण सेवेचा अनुभव

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी पुणे जिल्ह्यातील एका खासगी प्रयोगशाळेत मातीचे चार नमुने दिले आणि नेहमीच्या परीक्षणाऐवजी ‘विनिमययोग्य धन आयन’ हे जादा दराचे परीक्षण मागितले. त्यासाठी प्रति नमुना साडेबाराशे रुपये पडले. नेहमीचे परीक्षण तेथे साडेतीनशे रुपयांत होते. एवढा फरक मोजण्यात अर्थ आहे का, असे गावातील तिघाचौघांनी मला विचारले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे सांगितलेली मुख्य चूक तेथील माणसांनी मान्य करून विनामूल्य दुरुस्त करून दिली.

आमची शेती सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे. वरचा तुकडा उपसा सिंचनाच्या म्हणजे नदीच्या पाण्यावर भिजतो आणि नाल्याकडची खालची पट्टी विहिरीवर. दोन्हीकडे भारी काळी जमीन, दोन्हीकडे वर्षानुवर्षे ऊस. तरीही वरच्या तुकड्यात पावसानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी वाफसा येतो, आणि खालच्या पट्टीत दहा दिवसांनीही पाणी चहाच्या रंगाचे होऊन साचलेले दिसते. ते आटले की वर चकचकीत पोपडी धरते, पोपडी वाळली की तिच्या वाट्या होऊन कडा वर उचलतात, आणि खालची माती कुदळीला दगडासारखी लागते. अशा जमिनीला आपल्याकडे चोपण म्हणतात, आणि हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मात्र एकाच शिवारातील एक तुकडा चोपण होतो आणि शेजारचा होत नाही, याचे कारण सरकारी कार्डावरून मला कधी कळले नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू झालेल्या योजनेतील जमीन आरोग्य पत्रिका माझ्याकडे दोन्ही तुकड्यांची आहे. तिच्यात सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि मुख्य, दुय्यम व सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा घटक आहेत. मातीच्या कणांना कोणता क्षारघटक किती चिकटून बसला आहे, हा हिशेब त्या बारांत नाही.

हे चिकटणे म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर साडेबाराशे रुपयांत आपण काय विकत घेतो तेच कळणार नाही. चिकणमातीचे कण पापुद्र्यासारखे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. हा भार भागवण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांचे धन आयन कणाभोवती गोळा होतात. ते कायमचे जोडलेले नसतात, पाण्यातील दुसरे आयन त्यांची जागा घेऊ शकतात, म्हणून त्यांना विनिमययोग्य म्हणायचे. कॅल्शियमवर दोन भार असतात, त्यामुळे तो कणाला घट्ट बिलगून राहतो आणि शेजारच्या कणालाही जवळ ठेवतो. सोडियमवर एकच भार असतो आणि त्याच्याभोवती पाण्याचे वेष्टण सैल, पसरट असते. कणांच्या पृष्ठभागावर त्याची गर्दी झाली की कण एकमेकांना दूर लोटू लागतात, आणि ओली माती ढेकूळ म्हणून न राहता पाण्यात सुटी सुटी होऊन तरंगू लागते. हे सुटे कण पाण्याबरोबर खाली जातात, भेगा आणि छिद्रे बुजवतात, आणि निचरा बंद होतो. ज्या घरात पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली जात असे, त्या घरातील माणसाला हीच गोष्ट उलट्या बाजूने माहीत आहे. तुरटीतील ॲल्युमिनियमवर तीन भार असतात, त्यामुळे चिमूटभर तुरटी हंडाभर पाण्यातील माती खाली बसवते. मिठाने तेवढे काम करून घ्यायचे तर ओंजळभर मीठ लागेल आणि पाणी पिण्याजोगे राहणार नाही.

तुलना करता यावी म्हणून मी चार नमुने दिले. पहिला खालच्या पट्टीचा, दुसरा वरच्या तुकड्याचा. तिसरा अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या साडूंच्या शेताचा. हा भाग अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातला आहे. तेथे विहिरीचे पाणी खारे असल्याने साडूंची शेती पावसावरच चालते. चौथा नमुना रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीचा, तेथील काजूच्या बागेतून आणलेला. प्रयोगशाळेची नमुना घेण्याची सूचना मराठीत, स्पष्ट आणि चित्रासह होती. शेताच्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती गोळा करावी, ती सावलीत वाळवावी आणि चार भाग करून अर्धा किलो ठेवावी, असे त्यात सांगितले होते. खतांची रिकामी पोती वापरू नयेत, हेही ठळक अक्षरांत होते. अहवाल पंधरा दिवसांत देण्याचे कबूल करून त्यांनी तो तेराव्या दिवशी दिला. सेवेचा हा भाग निर्दोष होता.

अहवाल मात्र हातात आला तेव्हा पहिल्याच पानावर अडखळलो. खालच्या पट्टीची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे कणांवर आयनांसाठी असलेल्या एकूण जागा, ५४ सेंटिमोल (आयनांचा भार मोजण्याचे एकक) प्रति किलो लिहिली होती, आणि तिच्याखाली कॅल्शियम ७१, मॅग्नेशियम १३, सोडियम ७.९ आणि पोटॅशियम १.१ असे आकडे होते. त्यांची बेरीज ९३ होते. चोपन्न माणसांच्या एसटीत त्र्याण्णव प्रवासी आपल्याकडे बसतात, हे खरे. मातीच्या कणावर मात्र भार जेवढा, तेवढेच आयन बसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यातही बेरीज क्षमतेच्या बरीच वर गेली होती. फक्त जांभ्याच्या मातीचा हिशेब जुळत होता, आणि नेमक्या त्यावरून चूक कुठे आहे त्याचा माग लागला.

फोनवर उत्तर नीट मिळेना, म्हणून मी प्रत्यक्ष गेलो. तेथील रसायनशास्त्रज्ञ ताईंनी बेरीज पाहिली आणि कोणतीही सारवासारव न करता सांगितले, “काका, आपल्या मातीत चुनखडी आहे. कणांवरचे आयन सोडवायला वापरतो ते अमोनियम ॲसिटेटचं द्रावण चुनखडीतलाही कॅल्शियम विरघळवतं, आणि तो सगळा आम्ही कणावरचा म्हणून मोजला.” दुसरी चूक त्याहून साधी पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची होती. मातीतील पाण्यात विरघळलेले क्षार आधी सौम्य अल्कोहोलने धुऊन काढायचे असतात किंवा त्यांचा सोडियम वेगळा मोजून वजा करायचा असतो, ते केले नव्हते. त्यामुळे पाण्यातील मोकळा सोडियमही कणाला चिकटलेला म्हणून धरला गेला होता. जांभ्याच्या मातीत चुनखडीही नाही आणि क्षारही नगण्य आहेत, म्हणून तेथे आकडे जुळले. चारही नमुने पुन्हा तपासण्याचे त्यांनी लगेच मान्य केले, आणि मी तेथेच बसून एका नमुन्याची मोजणी पाहिली. सोडियम ज्योतीवर मोजतात. द्रावणाचा फवारा ज्योतीत गेला की निळसर ज्योत क्षणात पिवळीधमक होते. गॅसवर मीठ घातलेली आमटी उतू गेली की बर्नर जसा भडकून पिवळा होतो, अगदी तशीच. कॅल्शियम-मॅग्नेशियमची मोजणी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून करतात, आणि लालसर द्रावण एका थेंबाने निळे झाले की थांबतात. ही निळाई येण्याआधी ताई दोनदा थांबून फ्लास्क उजेडाकडे धरून पाहत होत्या. माणूस काळजीपूर्वक काम करत असूनही पद्धत चुकीची निवडली गेली की आकडा चुकतो, हे त्या टेबलाजवळ स्पष्ट दिसले.

दुरुस्त अहवाल आठ दिवसांनी आला. खालच्या पट्टीत विनिमय क्षमता ५४, कॅल्शियम ३३, मॅग्नेशियम १३, सोडियम ६.६ आणि पोटॅशियम १.१, म्हणजे एकूण जागांपैकी सुमारे १२.२ टक्के जागा सोडियमने अडवलेल्या. या टक्केवारीलाच विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण म्हणतात. वरच्या तुकड्यात क्षमता ५३ आणि सोडियम १.५, म्हणजे २.८ टक्के. दर्यापूरच्या मातीत क्षमता ५०, कॅल्शियम २४, मॅग्नेशियम २० आणि सोडियम ४.३, म्हणजे ८.६ टक्के. लांज्याच्या मातीत क्षमता जेमतेम ७ आणि सोडियम ०.३, म्हणजे ४.३ टक्के. या आकड्यांशेजारी अहवालात रंगीत चौकटी होत्या आणि चारही चौकटी हिरव्या होत्या. ‘१५ टक्क्यांपेक्षा कमी: समाधानकारक’ असा शेरा चारही ठिकाणी छापलेला होता. ज्या पट्टीत दहा दिवस पाणी साचते, तिला हिरवी चौकट!

आता हा अहवाल खरा मानायचा की डोळ्यांना दिसते ते, हे ठरवण्यासाठी मी घरी एक जुनी, फुकटची चाचणी केली. ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ इमर्सन यांनी १९६७ साली मातीचे वर्गीकरण करण्यासाठी ती मांडली. मातीचा वाळलेला, वाटाण्याएवढा खडा अतिशुद्ध पाण्यात अलगद सोडायचा, पेला हलवायचा नाही आणि नुसते पाहत राहायचे. शुद्ध पाणी म्हणून मी गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली. चार काचेचे पेले, खाली पांढरा कागद, वेळ सकाळी सात.

वरच्या तुकड्यातील खडा पाच मिनिटांत फुटून त्याची रास झाली, पण भोवतीचे पाणी नितळ राहिले. येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. खडा फुटणे वेगळे आणि त्याचे कण सुटे होऊन पाण्यात तरंगणे वेगळे. पहिल्यात आत अडकलेली हवा आणि फुगणारी चिकणमाती खड्याचे तुकडे करते. दुसऱ्यात तुकड्यांचे कणच एकमेकांपासून तुटतात. दर्यापूरचा खडाही फुटला, पण दहा मिनिटांतच त्याच्याभोवती दुधी धुक्याचे वलय दिसू लागले आणि पेल्याच्या तळाशी ते धूर पसरावा तसे पसरत गेले. खालच्या पट्टीच्या खड्याभोवती असे वलय यायला पाऊण तास लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पेले चहाच्या रंगाचे झाले होते. दर्यापूरचा थोडा जास्तच, त्याच्या पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळाही वाचता येईना. लांज्याचा तांबडा खडा मात्र टाकला तसाच बसून राहिला, एखादा कण सुटला असेल तेवढाच.

म्हणजे १२.२ टक्क्यांची माती ८.६ टक्क्यांच्या मातीपेक्षा कमी विखुरली, आणि ४.३ टक्क्यांची माती २.८ टक्क्यांच्या मातीपेक्षा अधिक पक्की निघाली. फक्त सोडियमची टक्केवारी पाहून मातींचा क्रम लावला असता तर तो दोन्हीकडे चुकला असता. जादा पैसे सार्थकी लागले ते येथे, कारण अहवालात बाकीचे आकडेही होते आणि या कोड्याचे उत्तर त्यांतच होते.

लांज्याची गोष्ट सर्वांत सोपी आहे. जांभ्याच्या मातीत चिकणमातीचा प्रकारच वेगळा असतो. तिच्यातील केओलिनाइटवर भार थोडा असतो, आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे कणांना सिमेंटसारखी बांधून ठेवतात. या मातीचा सामू ५.३ आहे आणि विनिमयाच्या काही जागांवर ॲल्युमिनियम बसलेला आहे, म्हणजे हंड्यातील तुरटी तेथे निसर्गानेच घालून ठेवली आहे. शिवाय ७ पैकी ०.३ आणि ५४ पैकी ६.६ यांची टक्केवारीत तुलना करता येत असली तरी एकूण सोडियम वीसपटींहून वेगळा आहे. काळ्या मातीतील चिकणमाती स्मेक्टाइट गटातली असते. ती पाणी घेऊन फुगते, भार भरपूर बाळगते, आणि म्हणून तिच्यात कोणता आयन बसला आहे याला सर्वाधिक महत्त्व येते.

दर्यापूरच्या कोड्याला दोन उत्तरे आहेत. एक मॅग्नेशियम. तेथे कॅल्शियम २४ आणि मॅग्नेशियम २०, तर आमच्या पट्टीत ३३ आणि १३. मॅग्नेशियमवरही दोन भार असले तरी त्याच्याभोवतीचे पाण्याचे वेष्टण कॅल्शियमच्या वेष्टणापेक्षा मोठे असते आणि कणांना एकत्र बसवण्याची त्याची ताकद कमी पडते. ॲडलेडचे संशोधक पिचू रेंगासामी यांच्या मांडणीत ही ताकद सोडियमची १ धरली तर पोटॅशियमची साधारण १.८, मॅग्नेशियमची २७ आणि कॅल्शियमची ४५ भरते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी शेतात सोडणाऱ्यांनी यातील पोटॅशियमचा आकडा जरूर लक्षात घ्यावा, कारण त्या सांडपाण्यात पालाश म्हणजे पोटॅशियम भरपूर असतो आणि त्याची कण जोडण्याची ताकद सोडियमच्या दुप्पटही नाही. दुसरे उत्तर पाण्यातील क्षारांचे. दर्यापूरच्या वरच्या थरात मोकळे क्षार अगदी थोडे आहेत, आमच्या पट्टीत विहिरीच्या पाण्याने आणलेले क्षार पुष्कळ आहेत. पाण्यात क्षार जास्त असले की कणाभोवतीचा आयनांचा थर आक्रसतो आणि सोडियम असूनही कण जवळ राहतात. १९५५ साली क्वर्क आणि स्कोफिल्ड या मृदाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रत्येक सोडियम-प्रमाणासाठी पाण्यातील क्षारांची एक किमान पातळी असते. पाणी त्या पातळीच्या खाली गोडे झाले की जमिनीचा निचरा मंदावत जातो.

हे वाचल्यावर माझ्या पट्टीचे एक जुने गूढ उलगडले. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी सोडले की ते बऱ्यापैकी मुरते आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तीच जमीन पाणी धरते. याचे खापर आम्ही नेहमी पावसाच्या जोरावर फोडत आलो. खरे म्हणजे पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते वरच्या थरातील क्षार धुऊन नेते, सोडियम मात्र कणावर तसाच राहतो. खात्रीसाठी पट्टीचा एक खडा विहिरीच्या पाण्यात सोडून पाहिला. तो फुटला, पण रात्रभरात पाण्यात एक धागाही गढूळ झाला नाही. त्याच मातीचा खडा, त्याच खिडकीत, बॅटरीच्या पाण्यात मात्र चहा करत होता.

हिरव्या चौकटीचा दोषही यातूनच दिसतो. १५ टक्क्यांची मर्यादा अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतून आली आणि जगभर रूढ झाली. ऑस्ट्रेलियात पुढे ६ टक्क्यांपासूनच जमीन सोडियमबाधित धरू लागले. आपल्या काळ्या जमिनींबाबत नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यात अभ्यास करून दाखवले की ५ टक्क्यांच्या पुढे गेल्यापासूनच या मातींची पाणी वाहून नेण्याची क्षमता घसरते. कोरड्या हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साचून बाहेर पडतो आणि कणावर मॅग्नेशियम व सोडियम यांचा वाटा वाढत जातो, ही त्यांची कारणमीमांसा दर्यापूरच्या अहवालातील २४ आणि २० या आकड्यांशी चांगली जुळते. दख्खनच्या बेसाल्टमधील कॅल्शियमयुक्त झिओलाइट हे खनिज ज्या मातीत आहे, ती माती मात्र असे प्रमाण असूनही तगून राहते, असेही याच संशोधकांनी नोंदवले आहे. एवढे काम नागपुरात झालेले असताना पुणे जिल्ह्यातील प्रयोगशाळेने रिव्हरसाइडचीच रेघ छापावी, ही या सेवेतील मला सर्वांत खटकलेली गोष्ट आहे. चुकलेली बेरीज दुरुस्त झाली, पण चौकटीचा रंग दुसऱ्या अहवालातही हिरवाच राहिला.

याहून वाईट होता शिफारशीचा रकाना. चारही नमुन्यांसाठी एकच वाक्य होते: ‘एकरी ५०० किलो जिप्सम आणि १० बैलगाड्या शेणखत वापरावे.’ जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यातील कॅल्शियम कणावरच्या सोडियमची जागा घेतो. लांज्याच्या आम्लधर्मी मातीला विखुरण थांबवण्यासाठी जिप्समची गरजच नाही, तेथे चुन्याचा विचार व्हायला हवा. वरच्या तुकड्यालाही ते लागत नाही. आणि खालच्या पट्टीला ५०० किलो म्हणजे नैवेद्य दाखवण्यापुरते. हा हिशेब कोणालाही करता येतो. पंधरा सेंटिमीटर खोलीच्या एक एकर मातीतून प्रति किलो एक सेंटिमोल सोडियम हटवायला सुमारे ७०० किलो शुद्ध जिप्सम लागते, म्हणजे शेतीसाठी मिळणारे ७० टक्के शुद्धतेचे जिप्सम घेतले तर बरोबर एक टन. मला ६.६ वरून २.७ वर, म्हणजे ५ टक्क्यांवर यायचे आहे. फरक ३.९, म्हणून एकरी जवळपास चार टन. शिवाय जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते, त्यामुळे एवढे जिप्सम एका पावसाळ्यात नीट विरघळणे कठीण. मी ते दोन वर्षांत निम्मे निम्मे घालायचे ठरवले. आणि सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी, म्हणून आधी नाल्यापर्यंत सच्छिद्र पाइपचा निचरा करून घेतला. खर्चाचा मोठा भाग तोच होता. अहवालातील शिफारशीत निचरा हा शब्दच नाही.

जिप्समऐवजी साधे मीठ का नाही, असा प्रश्न आमच्या धाकट्याने विचारला, कारण क्षाराने पाणी निवळते असे मीच त्याला सांगितले होते. प्रश्न चांगला होता, म्हणून तोही पेल्यात करून पाहिला. खालच्या पट्टीच्या गढूळ झालेल्या एका पेल्यात छोटा चमचाभर मीठ घातले आणि दुसऱ्यात तेवढेच जिप्सम. संध्याकाळपर्यंत दोन्ही पेले सारखेच निवळले, फरक सांगता येईना. मग वरचे पाणी हळूच ओतून टाकले आणि दोन्हींत पुन्हा बॅटरीचे पाणी भरून ढवळले. हे तीनदा केल्यावर मिठाचा पेला पहिल्यापेक्षा अधिक गढूळ झाला आणि तसाच राहिला. जिप्समचा पेला अर्ध्या तासात निवळत होता. मिठाने कण तात्पुरते जवळ आणले पण त्यांच्यावर आणखी सोडियम चढवला. जिप्समने सोडियमची जागा कॅल्शियमला दिली. कोकणातील खार जमिनींतही हेच होते. समुद्राच्या पाण्यातील क्षार आहेत तोवर माती भुसभुशीत दिसते, आणि गोड्या पाण्याने क्षार धुतले गेले पण सोडियम राहिला की ती लोण्यासारखी बसते.

जून आणि जुलैचे दोन मोठे पाऊस गेल्यावर मी पट्टीत फिरून पाहिले. जिप्सम मिसळलेल्या अर्ध्या भागात पाणी चौथ्या दिवशी मुरले होते. मुद्दाम जिप्समविना सोडलेल्या चार सऱ्यांत ते आठव्या दिवशीही होते, त्या सऱ्यांखालीही निचऱ्याचा पाइप आहेच. पोपडी दोन्हीकडे धरली, पण जिप्समच्या भागातली बोटाने चुरता येत होती. ऊस कसा निघेल, हे तोडणीनंतरच कळेल. एका पावसाळ्यावरून उत्पादनाचा दावा करणे मला योग्य वाटत नाही.

तर सेवेविषयी. ज्यांची जमीन काळी आहे, पाणी विहिरीचे आहे आणि निचरा बिघडला आहे, त्यांनी साडेबाराशे रुपये जरूर खर्च करावेत, पण आधी पाच रुपयांच्या बॅटरीच्या पाण्यात खडा टाकून पाहावा. पाणी नितळ राहिले तर हे परीक्षण घेण्याचे कारण नाही. तांबड्या जांभ्याच्या जमिनीसाठी ते घेऊच नये, माझे तेवढे पैसे कुतूहलापोटी गेले. नमुना देताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: क्षार आधी धुऊन काढावेत, चुनखडीयुक्त मातीसाठीची पद्धत वापरावी, आणि चारही आयनांची बेरीज विनिमय क्षमतेशेजारी छापावी. बेरीज क्षमतेच्या बरीच वर गेली तर अहवाल परत करावा. मोजणीसाठी मी त्यांना पाचपैकी चार गुण देतो, कारण चूक मान्य करून दुरुस्त करणारी प्रयोगशाळा सहज भेटत नाही. शेरे आणि शिफारशींसाठी एक. पट्टीचा नमुना येत्या मे महिन्यात मी पुन्हा त्यांच्याकडेच देणार आहे, आणि या वेळी पिशवीवरच्या चिठ्ठीत ‘शिफारस नको, फक्त आकडे द्यावेत’ असे लिहिणार आहे.